घोस्टला 'भूत' म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नव्या भाषांतरकाराला इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटलं करायला मिळाली. मालिकेत 'घोस्ट' हा शब्द अकरा वेळा आला. त्यानं अकराही वेळा 'भूत' लिहिलं आणि फाइल परत आली. शेरा एवढाच होता, 'सगळीकडे भूत चालणार नाही.' अडलेल्या पाच जागा त्यानं कळवल्या आहेत: 'घोस्ट' सोडून बंद पडलेलं इंजिन, खाण बंद झाल्यावर 'घोस्ट टाउन' झालेलं गाव, मैत्रिणीनं 'घोस्ट' केलेला मुलगा, चर्चच्या प्रार्थनेतला 'होली घोस्ट' आणि निवडून येण्याचा 'घोस्ट ऑफ अ चान्स'सुद्धा नसलेला उमेदवार. त्याला विचारायचंय, की नेमका मराठी शब्द कोणता? आणि लिहायचं 'घोस्ट' की 'गोस्ट'?

पहिल्यांदा माझी फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. भाषांतराला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. शेतकऱ्यांसाठीच्या एका पुस्तकात जुन्या पंपाबद्दल वाक्य होतं, की इतकी वर्षं पाणी उपसून शेवटी त्यानं 'गेव्ह अप द घोस्ट'. रात्रीचे साडेबारा वाजलेले, सकाळी मजकूर द्यायचा होता. मी लिहून मोकळा झालो, 'जुन्या पंपानं अखेर भूत सोडलं.' मुद्रितं तपासायला एक निवृत्त मास्तर होते, धोतर, काळी टोपी, लाल शाईचं पेन. त्यांनी वाक्य खोडलं नाही. त्याखाली रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले, 'कोणाच्या अंगावर?'

मराठीत भूत सोडतात ते कुणावर तरी. पंपाला बिचाऱ्याला राम म्हणायचा होता. 'पंपानं राम म्हटला' हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, कारण डोळे इंग्रजी शब्दावर खिळले होते. तुमच्या इंजिनालाही राम म्हणू द्या. पात्र ख्रिस्ती आहे म्हणून 'राम' खटकत असेल तर 'इंजिनानं मान टाकली' म्हणा. तेही चालतं.

आता या वाक्प्रचारात 'घोस्ट' आलं कुठून ते पाहू, कारण बाकीच्या गुंत्याचं टोक तिथेच आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'गास्ट' असा होता. जर्मन 'गाइस्ट' आणि डच 'गेस्ट' ही त्याची भावंडं. त्याचा अर्थ भूत नव्हे, तर आत्मा, जीव, श्वास. लॅटिनमधल्या 'स्पिरितुस' या शब्दासाठी जुन्या इंग्रजीत 'गास्ट' वापरत, आणि 'स्पिरितुस' हाही मुळात श्वासच. मेलेल्या माणसाची दिसणारी आकृती हा अर्थ पुढे बळावला. तोवर 'स्पिरिट' हा शब्द इंग्रजीत येऊन रुळला होता. हळूहळू त्यानं आत्मा, जोम, वृत्ती असली उजेडातली कामं घेतली आणि 'घोस्ट'कडे अंधारातली राहिली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूच्या मृत्यूच्या प्रसंगी 'गेव्ह अप द घोस्ट' असे शब्द आहेत. मराठी बायबल तिथे सरळ 'प्राण सोडला' म्हणतं. प्राण म्हणजेही श्वास! म्हणजे ज्या वाक्प्रचारात मी भूत घुसवलं, त्यात इंग्रजी आणि मराठी शब्दांची प्रतिमा मुळापासून एकच होती. सगळ्या 'घोस्ट'-कुळात इतकं चपखल जुळणारं ठिकाण मला दुसरं सापडलेलं नाही.

'होली घोस्ट'चा निकालही यातच लागतो. तो 'पवित्र आत्मा'. इथे डोकं चालवायचं नाही, कारण प्रार्थनेतले शब्द ठरलेले असतात. आज इंग्रजीतही बहुतेक ठिकाणी 'होली स्पिरिट' म्हणतात. 'होली घोस्ट' कानावर आलं तर पात्र जुन्या वळणाचं आहे किंवा प्रसंग जुन्या काळातला आहे, एवढं लक्षात ठेवा. तसं असेल तर प्रार्थनेची बाकीची भाषा थोडी जुनी करा, आत्म्याला हात लावू नका. गोव्यात याची एक गमतीदार पायरी आहे. तिथल्या कोंकणी प्रार्थनेत पूर्वी 'इस्पिरीत सांत' म्हणत, सरळ पोर्तुगीजमधून उचललेलं. नंतर तिथेही 'पवित्र आत्मो' आला. जुन्या पिढीतल्या एखाद्या माउलीच्या तोंडून अजून 'इस्पिरिता सांताच्या नांवीं' ऐकू येतं. म्हणजे धर्मोपदेशकांनाही हा शब्द सहज सापडला नव्हता. त्यांनी आधी परका शब्द तसाच ठेवला आणि मग कधीतरी घरचा घेतला. आपणही पुष्कळदा हेच करतो.

'घोस्ट' की 'गोस्ट'? इंग्रज 'गो'च म्हणतो, त्यात ह नाही. तो ह आला छापखान्यातून. इंग्लंडमधला पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन यानं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. त्याआधी तो बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला, फ्लेमिश लोकांत राहिला होता. फ्लेमिशमध्ये 'गेस्ट'च्या 'जी'ला 'एच' लावायची पद्धत होती, ती त्याच्या छापाईबरोबर इंग्रजीत आली. 'गूज', 'गोट' अशा साध्यासुध्या शब्दांतही तो ह काही काळ शिरला होता. तिथून तो गेला, पण भुताला मात्र चिकटून राहिला. इंग्रजांनी तो कधी उच्चारला नाही. आपण मात्र स्पेलिंग बघितलं आणि इमानदारीत 'घ' लिहिला. उच्चाराच्या दृष्टीनं तो चूक आहे, तरी मी 'घोस्ट'च लिहितो. मराठी वाचकाच्या नजरेत तेच बसलंय, आणि 'गोस्ट' लिहिलं तर निम्मे लोक 'गोष्ट'मधला मुद्रणदोष समजतील. आमच्या गावाकडे गोष्टीला 'गोस्ट'च म्हणतात, 'आजी, भुताची गोस्ट सांग.'

आता 'भूत'. संस्कृतातल्या 'भू' म्हणजे होणे या धातूपासून भूत, म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. म्हणून भूतकाळ. आणि जे जे झालं, म्हणजे अस्तित्वात आलं, ते सगळं भूतच. पंचमहाभूतं त्यातलीच. 'भूतदया' म्हणजे हडळीवर दया नव्हे, आणि पसायदानात 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' असं मागणं आहे ते तुमच्याआमच्यासाठी, जिवंतांसाठी. इंग्रजी शब्द श्वासापासून निघाला, आपला असण्यापासून. दोघंही चालत चालत एकाच स्मशानात पोचले, पण येताना बरोबर आणलेलं सामान वेगळं आहे.

वेगळेपण कुठे जाणवतं तर क्रियापदांत. आपलं भूत लागतं, धरतं, झपाटतं, मानगुटीवर बसतं, आणि ते उतरवावं लागतं. त्याला माणूस हवा असतो. इंग्रजी घोस्टला जागा हवी असते. ते जिन्यावर दिसतं, खिडकीपाशी उभं राहतं, कुणाच्या अंगात येण्याची त्याला फारशी हौस नाही. 'हाँट' या क्रियापदाचा मूळ अर्थच एखाद्या ठिकाणी वारंवार जाणं असा आहे, म्हणून इंग्रजीत कवींच्या अड्ड्यालाही 'हाँट' म्हणतात. 'धिस हाउस इज हाँटेड' याला 'घर झपाटलेलं आहे' म्हणायची आता सवय झाली आहे आणि मीही तसं लिहितो. पण आमच्याकडे कुणी असं बोलायचं नाही. 'त्या घरात आहे काहीतरी' म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे.

दुसरा फरक ओळखीचा. इंग्रजीत 'देअर इज अ घोस्ट' म्हटलं की ऐकणारा घाबरायला मोकळा. मराठीत पुढचा प्रश्न ठरलेला, 'कुणाचं?' आणि त्याच्या मागोमाग, 'कशानं गेला?' कारण त्यावर सगळं अवलंबून. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेलेला पोरगा तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. वंश नाही, धनावर जीव अडकलेला, तो समंध. पाण्याशी दबा धरतो तो गिऱ्हा. रात्री चालता चालता तुम्हाला फिरवून त्याच बांधावर परत आणतो तो चकवा. खवीस अरबी 'खबीस'वरून आलेला. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ही मंडळी पानापानांवर भेटतात. भाषांतर करणाऱ्याला वाटतं, वा, केवढा खजिना! जपून. इंग्लंडमधल्या जुन्या हवेलीत दिसणाऱ्या लहान मुलाला मी एकदा उत्साहानं 'मुंजा' केलं होतं. संपादकांनी विचारलं, 'याची मुंज कुठल्या तिथीला झाली?' ही नावं जात, विधी, नातं, मरणाची तऱ्हा सगळं बरोबर घेऊन येतात. परक्या भुताला ती घालू नका. तिथे साधं 'भूत' किंवा 'पिशाच्च'च बरं.

उलट दिशेनं तर फार घोटाळे होतात. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. वेताळ हा भुतांचा राजा खरा, पण म्हणून इंग्रजीत त्याला 'घोस्ट' लिहून टाकलं तर गावकरी तुम्हाला सीमेबाहेर काढतील आणि ते बरोबरच असेल. देवचाराचं तसंच. एकदा मालवणकडच्या एका आजीला मी देवचार कुठल्या प्रकारचं भूत ते विचारत होतो. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, 'देवचार म्हंजे भूत न्हय रे, तो राखणदार.' आणि परत निवडायला लागली. माझ्या वहीत त्या दिवशी तेवढी एकच नोंद आहे.

खऱ्याखुऱ्या, म्हणजे मेलेल्या माणसाच्या घोस्टबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 'आय सॉ माय मदर्स घोस्ट.' याचं 'मला माझ्या आईचं भूत दिसलं' केलंत तर वाक्य व्याकरणात बसेल आणि माणूस हातचा जाईल. आईचं भूत कुणी म्हणत नाही. शत्रूचं भूत होतं, शेजारणीचं होतं, परक्या वाटसरूचं होतं. आपल्या माणसाचं नाही. आपलं माणूस 'दिसतं'. 'आई दिसली मला.' संपलं. ती गेलेली आहे हे आधीच्या प्रसंगातून कळलेलं असतंच. लागलंच तर 'काल आई आली होती, दारात उभी होती.' फार तर 'आत्मा', तोही 'आत्मा भटकतोय', 'आत्म्याला शांती' अशा ठरीव जोड्यांत. 'घोस्ट' या नामाचं उत्तम भाषांतर कधीकधी नाम गाळून होतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

आता जिथे कुणी मेलेलंच नाही, त्या घोस्टकडे येऊ. तुमच्या पाचातली तीन वाक्यं याच गटातली आहेत. इथे मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. काय निघून गेलंय? आणि काय मागं उरलंय? इंग्रजीत या दोहोंच्या मधल्या फटीला 'घोस्ट' म्हणतात. मराठीत जे गेलंय त्याचं नाव घ्यायचं, किंवा जे उरलंय त्याचं. भुताचं नाव क्वचितच घ्यावं लागतं.

गावाचं बघा. घरं उरली, माणसं गेली. मराठीत याला 'ओस पडलेलं गाव'. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळानंतर रामेश्वरजवळच्या धनुष्कोडीला इंग्रजीत सर्रास 'घोस्ट टाउन' म्हणतात. मराठीत धनुष्कोडी ओस पडली, उजाड झाली. इथे एका अप्रतिम शब्दाचा मोह होईल, तो म्हणजे बेचिराख. महसुली दप्तरात मनुष्यवस्ती नसलेल्या गावाला 'बेचिराग' म्हणतात. फारसी 'चिराग' म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी एकाही घरात दिवा लागत नाही ते बेचिराग गाव. 'घोस्ट टाउन'ला याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. पण बोलीत त्या 'चिराग'चं 'चिराख' झालं, लोकांना त्यात 'राख' ऐकू आली, आणि आज 'शहर बेचिराख केलं' म्हणजे जाळून भस्म केलं. तुमच्या खाणगावाला कुणी आग लावलेली नाही. तेव्हा हळहळ वाटली तरी 'बेचिराख' सोडा. तलाठ्याच्या तोंडी संवाद असता तर 'बेचिराग' नक्की घातला असता.

जहाजाचंही असंच. ३१ जुलै २०११ रोजी 'पवित' नावाचं तेलवाहू जहाज वाहत वाहत मुंबईत जुहूच्या किनाऱ्याला लागलं. ओमानजवळच्या समुद्रात ते खलाशांनी सोडून दिलं होतं, आत माणूस नव्हता. इंग्रजीत लगेच 'घोस्ट शिप'. 'भुताचं जहाज' म्हटलं की शिडं फाटलेली आणि डेकवर सांगाडे. पवितवर काय नव्हतं? धनी नव्हता, माणसं नव्हती. म्हणून 'बेवारस जहाज'. समुद्रात सुटून गेलेल्या जाळ्यांना 'घोस्ट नेट' म्हणतात, मालक नसताना ती मासे आणि कासवं धरत राहतात. तिथेही 'बेवारस जाळी' पहिल्यांदा सुचतं. पण मी एका लेखात मुद्दाम 'भुताळी जाळी' वापरलं, कारण धरत राहण्याचा गुण त्यात आहे आणि आपलं भूत धरतंच. प्रत्येक ठिकाणी भूत टाळायचंच असा माझा हट्ट नाही.

कागदोपत्री घोस्टना मराठीत एकच धनी आहे, 'बोगस'. शब्द इंग्रजी, पण आपण तो इतका आपलासा केलाय की तालुक्याच्या कचेरीत त्याच्याशिवाय पान हलत नाही. मस्टरवर नाव आहे, मजूर नाही. तो बोगस मजूर. पटावर पोरं आहेत, वर्गात नाहीत, बोगस पट. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली ती यासाठीच. 'घोस्ट एम्प्लॉयी'चं 'भूत कर्मचारी' मी छापून आलेलं पाहिलंय. वाचून मला आधी रात्रपाळी आठवली.

'घोस्टरायटर'वर मात्र जरा थांबू. यात काय गेलं? नाव गेलं. काय उरलं? लेखन. मराठीत 'शब्दांकन' नावाची सभ्य सोय आहे, आत्मकथा अमुक यांची, शब्दांकन तमुक यांचं. पण शब्दांकन करणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, तो भूत नाही. खरा घोस्टरायटर असूनही नसतो. 'भूतलेखक' लिहिलं तर माजी लेखक वाटतो किंवा भुतांच्या गोष्टी लिहिणारा. 'पडद्याआडचा लेखक' म्हणा, 'दुसऱ्याच्या नावानं लिहिणारा' म्हणा. लांब होतं, पण कळतं. सबटायटलात जागा नसेल तर 'घोस्टरायटर'च ठेवा. (माझ्या नावावर चौदा पुस्तकं आहेत. माझी त्याहून जास्त आहेत. असो.)

तुमचा उमेदवार तर अगदी सोपा: 'निवडून येण्याची सुतराम शक्यता नाही.' सुतराम म्हणजे सुताएवढी नव्हे, तो संस्कृतातला 'सुतराम्' आहे, पण कानाला सूतच ऐकू येतं आणि काम होतं. असल्या 'किंचित'वाल्या घोस्टला, 'घोस्ट ऑफ अ स्माइल' वगैरे, नाम शोधतच बसू नका. 'ओठांवर हसू उमटलं न उमटलं.' मराठी हे काम क्रियापदाच्या जोडीनं करते आणि सुरेख करते. 'दिसलं न दिसलं', 'ऐकलं न ऐकलं', 'लागला न लागला'.

आता 'शी घोस्टेड हिम'. मेरियम-वेबस्टरनं हा अर्थ २०१७ मध्ये कोशात घेतला. काहीही न सांगता, भांडण न करता, एकाएकी फोन, मेसेज, भेट सगळं बंद करून नाहीसं होणं. बरेच जण 'अबोला धरला' सुचवतात. अजिबात नाही. अबोला समोर बसून धरतात. त्यात रुसवा असतो, आणि समोरच्यानं मनवावं अशी अपेक्षा असते. अबोला हे एक प्रकारचं बोलणंच आहे. घोस्टिंगमध्ये मनवायला माणूसच शिल्लक नाही. 'टाळलं' फिकं पडतं, 'संपर्क तोडला' पोलिसी वाटतं. पात्र पंचविशीतलं आणि शहरातलं असेल तर तो स्वतः काय म्हणेल ते ऐका: 'तिनं मला घोस्ट केलं.' तेच लिहा, त्याला अवतरणचिन्हांचं सोवळं नेसवू नका. तीच हकिकत त्याची आई शेजारणीला सांगत असेल तर, 'चांगली बोलत होती हो, आणि मधेच गुल झाली. ना फोन, ना काही.' गुल होणं हेही दिव्याचंच, दिवा गुल होतो. बेचिरागशी याचं नातं लागलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

काही घोस्ट भाषांतराच्या वाट्याला जातच नाहीत. संगणक दुरुस्तीवाली पोरं एके काळी 'सर, घोस्ट मारून देतो' म्हणायची. १९९८ मध्ये सिमँटेकनं घेतलेलं ते सॉफ्टवेअर, पूर्ण डिस्कची नक्कल काढणारं. तिथे 'घोस्ट' ही इंग्रजी अक्षरांची जुळवाजुळव होती, अर्थाचा संबंध नाही. अँटेनाच्या टीव्हीवर चित्राशेजारी दुसरं फिकट चित्र यायचं त्याला तंत्रज्ञ 'घोस्ट' म्हणत, कारण इमारतीवर आपटून आलेली लहर जरा उशिरा पोचायची. गच्चीवर दांडा फिरवणारा दादा मात्र वरून विचारायचा, 'अजून डबल दिसतंय का?' तोच शब्द घ्या. रोल्स-रॉइसची 'घोस्ट' हे मोटारीचं नाव, त्याला हात लावू नका.

न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाला इंग्रजी बातम्या 'घोस्ट पार्टिकल' म्हणतात. सूर्याकडून आलेले असे सुमारे साडेसहा हजार कोटी कण दर सेकंदाला तुमच्या नखाएवढ्या जागेतून पार होतात आणि जवळजवळ कशालाच अडत नाहीत. त्याचं 'भूतकण' करू नका. पंचमहाभूतांवर वाढलेला वाचक तो 'मूलकण' म्हणून वाचेल. 'निसटता कण' बघा कसा वाटतो. उलट आइन्स्टाइननं १९४७ च्या पत्रात पुंजभौतिकीला, म्हणजे क्वांटम फिजिक्सला, उद्देशून वापरलेला 'स्पुकहाफ्ट' हा जर्मन शब्द, इंग्रजीत 'स्पूकी', याला मराठीत 'भुताटकी' अगदी फिट्ट बसतो. त्यात थट्टा आहे आणि अविश्वासही. 'ही दुरून चालणारी भुताटकी मला पटत नाही.' जाता जाता, 'स्पूक' हे नाम मात्र डोळे झाकून वापरू नका. ते गुप्तहेरालाही म्हणतात, आणि अमेरिकेत ती कृष्णवर्णीयांसाठीची शिवीही आहे.

मिरचीचं तर उलटंच झालं. आसामची भूत जोलोकिया २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट म्हणून गिनेसमध्ये गेली आणि इंग्रजीनं तिचं 'घोस्ट पेपर' केलं. तिच्या नावातलं 'भूत' हे भूतान या अर्थी आहे, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते खरं धरलं तर पिशाच्चाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, भाषांतर करणाऱ्यानं घोटाळा केला आणि जगभर तो मिटक्या मारत खाल्ला जातोय. अमेरिकी पाककृतीत 'घोस्ट पेपर' दिसली तर कृपा करून 'भुताची मिरची' लिहू नका, 'भूत जोलोकिया' लिहा.

आपल्या धंद्यातलंही एक घोस्ट आहे, 'घोस्ट वर्ड'. इंग्रज कोशकार वॉल्टर स्कीट यानं १८८६ मध्ये हे नाव दिलं. कुणाच्या तरी चुकीनं कोशात शिरलेला, भाषेत कधीच नसलेला शब्द. प्रसिद्ध उदाहरण 'डॉर्ड'. १९३४ च्या वेबस्टर कोशात त्याचा अर्थ दिला होता, घनता. झालं होतं असं, की घनतेसाठी 'डी' हे अक्षर मोठं किंवा लहान लिहावं, अशी चिठ्ठी होती, 'डी ऑर डी'. कुणीतरी ती अक्षरं जोडून वाचली आणि एक शब्द जन्माला आला. १९३९ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. हे सांगण्याचं कारण असं, की 'भूतकण', 'भूत कर्मचारी', 'भूतलेखक' हे शब्द तुम्हाला शोधयंत्रात सापडतील. सापडले म्हणून ते मराठीत आहेत असं समजू नका. कुणी बोलताना ऐकलेत का, एवढं स्वतःला विचारा.

कायद्याचा मजकूर हातात आला तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्यानं बांधून ठेवणं, मारहाण करणं हे गुन्हे आहेत. तिथे 'भूत' म्हणजे भूतच, आणि जो शब्द अनुसूचीत आहे तोच दर वेळी, त्याच रूपात. एका परिच्छेदात 'भूत' आणि दुसऱ्यात 'पिशाच्च' असा नटवेपणा केलात तर वकील त्यातून अर्थ काढतील.

राहिले तुमचे सहा घोस्ट, जे तुम्ही कळवले नाहीत. त्यांतली निदान दोन खरी भुतं असावीत असा माझा अंदाज आहे. तिथे निर्धास्त 'भूत' लिहा. आणि एखाद्या ठिकाणी आजारातून उठलेल्या म्हाताऱ्याला 'घोस्ट ऑफ हिज फॉर्मर सेल्फ' म्हटलं असेल, तर 'नुसती सावली उरली' हे पहिलं सुचेल. लगेच लिहू नका. आधी कोण बोलतंय ते बघा. बायको बोलत असेल तर ती सावली वगैरे म्हणणार नाही. ती म्हणेल, 'अर्धे झालेत हो हे.'